त्याला पुरलं कोणी?

मडगावात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या आंटींच्या स्वयंपाकघरात बसून एका रविवारी मी माझ्या ऑनलाइन प्रेमकथेच्या सिरीजचा अठरावा भाग मोठ्यानं वाचत होते. संवाद जिभेवर बसतायत की नाही ते बघायला मला ही सवय आहे, मनात वाचलं की सगळंच छान वाटतं, तोंडानं म्हटलं की खोटं कुठे आहे ते कळतं. आंटी ओट्यापाशी काफ्रियालच्या तयारीत होत्या, कोथिंबिरीची जुडी निवडून झालेली, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या, मिरी, दालचिनी सगळं मिक्सरच्या भांड्यात, शेजारी रमचं अर्ध झाकण भरून ठेवलेलं, आणि ताटात चिरा दिलेले कोंबडीचे तुकडे लिंबू चोळून पडलेले. माझ्या गोष्टीत पुण्याची एक डॉक्टर आफ्रिकेतल्या एका कॅम्पात जाते आणि रोज रात्री तिच्या खिडकीशी एक मेलेला सैनिक येतो, त्याचे हात थंड असतात, डोळे मधासारखे. आंटींना मराठी बऱ्यापैकी समजतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मिक्सर लावायचा म्हणून मी थांबायची वाट बघितली आणि मग कोकणीत विचारलं, "ताका कोणें पुरलो?"

मी म्हटलं, म्हणजे? त्या म्हणाल्या, "तो मेला न्हय गो? मागीर ताका कोणें पुरलो?"

आणि मिक्सर चालू केला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सतरा भाग झाले होते, शेकडो कमेंट आल्या होत्या, तो पुन्हा कधी येणार, तिला कधी स्पर्श करणार, त्यांचं लग्न होऊ शकतं का असं लोक विचारत होते, पण तो कुठल्या युद्धात मेला, कुणाच्या बाजूनं होता, त्याची आई कुठे आहे, त्याच्या अंगावर माती पडली की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी आफ्रिका हा शब्द पडद्यासारखा वापरला होता. मागे जंगल, लांबून ढोल, कुठेतरी गोळीबार, आणि पुढे माझे हिरो-हिरोईन. देशाचं नावसुद्धा दिलं नव्हतं, कारण नाव दिलं की चूक पकडली जाते. त्या दिवशी जेवताना काफ्रियालचा तो हिरवा आंबट-तिखट वास हाताला लागलेला आणि डोक्यात तेच वाक्य. आणि या पदार्थाचं नावही काफ्र या शब्दावरून, जो शब्द पोर्तुगीज आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठी वापरायचे, मोझांबिकहून ही चव गोव्यात आली आणि सोबत ते हिणवणं पण आलं. आपण बोटं चाटत खातो.

आंटी मूळच्या बाणावलीच्या, पण जन्म मोझांबिकमधल्या बेइरा शहरातला. वडील तिकडे रेल्वेत होते. 1976 ला, म्हणजे मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर वर्षभरानं, ही मंडळी दोन पेट्या घेऊन परत आली. बेइराबद्दल त्या फार बोलत नाहीत, पण एक अल्बम आहे, काळ्या जाड कागदाचा, कोपऱ्यात फोटो अडकवायचे त्रिकोण असलेला, त्यात एका पानावर ग्रँड हॉटेल आहे. 1955 च्या सुमाराला उघडलेलं, समुद्रासमोर, पांढरंशुभ्र, गोल जिना, ऑलिंपिकच्या मापाचा पोहण्याचा तलाव. ते चाललंच नाही, दहा वर्षं पण नाही झाली आणि बंद पडलं, तलाव तेवढा पुढे बरीच वर्षं वापरात राहिला. आंटी लहानपणी तलावाच्या काठाला उभ्या आहेत, डोक्याला पांढरी रिबन, मागे ती प्रचंड बाल्कन्यांची रांग. नंतर यादवी युद्धात गावागावातून पळून आलेली माणसं त्या इमारतीत शिरली आणि राहिली. आजही तिथे हजारो माणसं राहतात, वीज नाही, नळ नाही, लाद्या-लाकूड केव्हाच उखडून विकलं गेलंय, गच्चीवर झाडं उगवलीत, आणि त्या तलावाच्या पाण्यात बायका कपडे धुतात.

हे वाचलं तेव्हा माझ्यातल्या लेखिकेला पहिली गोष्ट काय सुचली असेल तर हीच, की अरे, काय लोकेशन आहे! भुताच्या प्रेमकथेला याहून चांगला वाडा मिळणार नाही. आणि लगेच पोटात कसंतरी झालं. कारण तो वाडा नाहीये, ते लोकांचं घर आहे. सकाळी त्या जिन्यावरून पोरं दप्तर घेऊन उतरतात. 2019 च्या मार्चमध्ये इडाई वादळानं अख्खं बेइरा झोडपलं तेव्हाही माणसं त्या भिंतींच्या आतच बसून होती. माझी भुतं तिथे सोडायची म्हणजे त्या पोरांच्या जिन्यावर सोडायची. पण म्हणून ते लिहायचंच नाही का? हे माझं भांडण तेव्हा सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही.

मग मी वाचत गेले. ऑफिसातून आल्यावर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. मोझांबिकचं युद्ध 1977 ला सुरू झालं ते 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये करार होईपर्यंत चाललं, एका बाजूला फ्रेलिमोचं सरकार, दुसऱ्या बाजूला रेनामोचे बंडखोर, ज्यांना आधी ऱ्होडेशियानं, म्हणजे आजच्या झिंबाब्वेनं, आणि मग दक्षिण आफ्रिकेनं पोसलं. दहा लाखाच्या आसपास माणसं गेली असं धरतात, त्यातली बरीच भुकेनं. करार झाला आणि लगेच सगळ्यांना माफी. खटला नाही, चौकशी आयोग नाही. जे झालं ते झालं, आता शांत राहा. बेइराहून आत, वायव्येला गोरोंगोझाचा डोंगर आहे, तिथे रेनामोचा मोठा तळ होता, त्या भागात तर एकाच घरातला एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला दाखवून दिलेलं. आणि शेवटी सगळे आपापल्या गावी परत आले, त्याच विहिरीवर, त्याच बाजारात.

जिवंत माणसं गप्प बसली. मग मेलेले बोलायला लागले.

तिथे त्यांना गांबा म्हणतात. युद्धात मेलेले, नीट न पुरलेले सैनिक, जे येऊन कुणाच्या तरी अंगात शिरतात, बहुतेक वेळा बाईच्या. व्हिक्टर इग्रेजा म्हणून मोझांबिकचेच एक संशोधक आहेत, त्यांनी गोरोंगोझात वर्षानुवर्षं राहून यावर लिहिलंय. बाईला झोप येत नाही, स्वप्नात माणसं मारली जाताना दिसतात, गर्भ राहत नाही, राहिला तर टिकत नाही, लग्न मोडतं. मग वैद्याकडे नेतात. तिथे नुसती तिला नेऊन चालत नाही, घरच्यांना समोर बसावं लागतं, सासरचे, माहेरचे. आणि ती बाई एकदम पुरुषाच्या आवाजात बोलायला लागते. मी अमका, मला इथे मारलं, तुझ्या बापानं मारलं, किंवा तुझ्या काकानं, माझं प्रेत उघड्यावर टाकलं. जे गावात कुणी दिवसाउजेडी तोंडातून काढू शकत नाही ते तिच्या तोंडून सगळ्यांसमोर बाहेर पडतं आणि घरच्यांना उत्तर द्यावं लागतं, कबूल करावं लागतं, काय देऊन हे मिटवायचं ते ठरवावं लागतं. जे कोर्ट सरकारनं भरवलं नाही ते असं भरतं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं ते त्या बाईचं शरीर.

शेजारच्या शोना भाषेत गांबा म्हणजे वीर. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. कारण वीर हा शब्द आपल्याकडे पण असाच दोन्ही अर्थांनी आहे की! होळीनंतर वीर नाचवतात, कितीतरी घरांत देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो, तो त्या घरातला कधीकाळी लढाईत मेलेला माणूस असतो. आणि वीरगळ. आमच्या गावच्या देवळामागे एक अर्धा मातीत गेलेला वीरगळ आहे, लहानपणी आम्ही त्यावर बसून करवंदं खायचो. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्या मेलेल्या माणसाला हाताला धरून वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीसमोर बसलाय. ती मधली पट्टी म्हणजे पॅरानॉर्मल रोमान्सच आहे, शेकडो वर्षांपूर्वी दगडात कोरलेला. फरक एवढाच, की वीरगळ कोणीतरी उभा केला. त्याच्या माणसांनी दगड आणला, पाथरवटाला पैसे दिले. गोरोंगोझातल्या त्या पोरांसाठी कोणी दगड उभा केला नाही, म्हणून ते स्वतः आले.

हे सगळं वाचताना माझा सैनिक माझ्या डोळ्यासमोर बदलत चालला होता. तो खिडकीशी प्रेमासाठी येत नव्हता. तो वसुलीला आला होता. या वसुलीला आणखी एक जुनी बाजू आहे. एकोणिसाव्या शतकात दक्षिण मोझांबिकमध्ये गाझाचं राज्य होतं, न्गुनी लोकांचं. 1889 ला गुंगुन्याना राजानं आपली राजधानी दक्षिणेला हलवली तेव्हा मध्य मोझांबिकमधल्या न्दाउ लोकांना हजारोंनी जबरदस्तीनं बरोबर नेलं. पुढे 1895 ला पोर्तुगीजांनी त्या राजालाच पकडून अझोर्स बेटांवर धाडलं, तो तिथेच वारला, ते राज्य संपलं, पण न्दाउ संपले नाहीत. न्दाउ माणसाला अन्यायानं मारलं की तो परत येतो आणि मारणाऱ्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या माणसं मरत राहतात अशी तिकडे समजूत आहे, त्याला म्फुक्वा म्हणतात. आणि हे मिटवायचं कसं, तर त्या घरानं आपली एक मुलगी त्या मेलेल्याला बायको म्हणून द्यायची. ती त्याची बायको. माणसाशी नंतर तिचं लग्न झालं तरी आधी त्याची.

इथे मी अडकले. कारण कुठल्याही प्रेमकथा लिहिणाऱ्याला यात सोनं दिसेल. न जन्मलेल्या पोरीचं ज्याच्याशी लग्न ठरलंय तो शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस, आणि तिला हळूहळू त्याचं दुःख कळत जातं, तो तिच्या आज्याचा शत्रू, वगैरे वगैरे. मी चार पानं टिपणं काढली सुद्धा. पण त्या मुलीनं काय केलं होतं? आज्यानं मारलं, फेडायचं हिनं. तो मेला तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही, आणि हिला देताना हिला कोणी विचारलं नाही. गोष्टीत जर तिनं शेवटी त्याच्यावर प्रेम केलं तर मी त्या घराच्या बाजूनं लिहिलं असं होईल ना?

आणि त्याच आठवड्यात मी उत्तर युगांडाबद्दल वाचलं. तिकडे अचोली लोकांत अशा मेलेल्यांच्या छायेला चेन म्हणतात, ज्यानं मारलं त्याला लागते, जो प्रेतांवरून चालत गेला त्यालाही लागते. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीनं जी हजारो मुलं पळवून नेली, त्यातली परत आली ती हे घेऊन आली. मुली पळवून नेऊन कमांडरांना बायका म्हणून वाटल्या होत्या. त्यातल्या एका कमांडरला, डॉमिनिक ओंगवेनला, 2021 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टानं दोषी ठरवलं, पंचवीस वर्षांची शिक्षा दिली, आणि गुन्ह्यांच्या यादीत बळजबरीचं लग्न हा स्वतंत्र गुन्हा म्हणून होता. तो स्वतःही लहानपणी शाळेत जाताना पळवलेला मुलगा. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. माझ्या सिरीजच्या सातव्या भागात माझा हिरो हिरोईनला उचलून जंगलातल्या एका पडक्या चर्चमध्ये नेतो, तीन दिवस ठेवतो, आणि तिसऱ्या दिवशी तिला कळतं की आपण याच्या प्रेमात पडलोय. सगळ्यात जास्त वाचला गेलेला भाग तोच. आपल्या या प्रकारच्या गोष्टींत हे इतकं सर्रास चालतं, उचलून नेणारा, अंधारातला, रागीट, आतून दुखावलेला. उत्तर युगांडातल्या गुलूच्या बायका, ज्यांना आज पण गावात त्या मुलांसकट कोणी धड जवळ करत नाही, त्यांच्यातली एखादी हे वाचेल तर? ती मराठी वाचणार नाही हे मला माहीत आहे. मी तो भाग काढून टाकला.

सगळंच असं काळोखाचं नाहीये पण. दक्षिण सुदानात न्युएर लोकांची एक रीत आहे. एखादा तरणा माणूस मूलबाळ न होता मेला, तर त्याचा भाऊ त्याच्या नावानं गाई देऊन त्याच्यासाठी बायको करतो. संसार भावाबरोबर, पण नवरा तो मेलेला, मुलं त्याची, नाव त्याचं चालतं. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात तिथे राहून हे लिहून ठेवलं. मग 1983 पासून 2005 पर्यंत युद्ध, 2011 ला नवा देश, आणि 2013 च्या डिसेंबरात परत आपसात युद्ध. किती तरणी मुलं अशी नाव न लावता गेली असतील. मला त्या जिवंत भावाबद्दल लिहावंसं वाटतं. जो रात्री बायकोशेजारी झोपतो, तिच्यावर त्याचा जीव आहे, लेकराला कडेवर घेतो, आणि त्या लेकराला बाप म्हणून शिकवलेलं नाव त्याचं नाहीये, त्याच्या भावाचं आहे. तिघंही आपापल्या जागी. भूत दिसतसुद्धा नाही, दारात उभं राहत नाही, थंड हात नाहीत, काही नाही. फक्त हाक मारताना येतं.

आणि हत्ती. हे मध्येच आठवलं म्हणून लिहिते. गोरोंगोझाच्या अभयारण्यातले दहातले नऊ हत्ती त्या युद्धात मारले गेले, हस्तिदंत विकून बंदुका घ्यायला. सुळे नसलेल्या हत्तिणी जास्त वाचल्या, कारण त्यांना मारून काय मिळणार. युद्धाआधी साधारण पाचातली एक हत्तीण बिनसुळ्याची असायची, युद्धानंतर निम्म्या हत्तिणी बिनसुळ्याच्या होत्या. आणि जे त्यांच्या रक्तातून पुढे जातं ते मुलींना चालतं, मुलग्यांना नाही, तसे नर बहुतेक पोटातच जातात. म्हणजे युद्ध संपून तीस वर्षं झाली तरी तिथे अजून मुलगे मरतायत. हे मी कुठे घालू मला समजत नाही, पण त्या कळपाशिवाय आता मला ती गोष्ट दिसत नाही.

या सगळ्यात एक रात्र अशी आली की मला आज्जीचा खवीस आठवला. आमच्या वेंगुर्ल्याकडे लहान पोरांना घाबरवायला खवीस असायचाच. आज्जी सांगायची तो माडाएवढा उंच, काळा, हबशी, बंदरावरच्या जुन्या वखारीपाशी असतो, विडी मागतो. गोव्यात त्याला खाप्री म्हणतात. आणि कोकणीत आफ्रिकन माणसालाही खाप्रीच म्हणतात, तोच शब्द, काफ्रवरूनच आलेला. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, जहाजं भरभरून गुलाम इकडे आणले, घराघरांत ठेवले, पालख्या उचलायला, पाणी भरायला. ते इथेच मेले. कुठल्या तरी वडाखाली, कुठल्या तरी वेशीबाहेर. म्हणजे मी आफ्रिकेचं भूत शोधत इंटरनेटवर रात्री घालवत होते आणि ते माझ्या आज्जीच्या गोष्टीत तीनशे वर्षांपासून विडी मागत उभं होतं. त्याचं गाव कुठलं, त्याला कोण रडलं, आम्ही कधी विचारलं नाही. आज्जीनं गोष्ट सांगितली, आम्ही चादर डोक्यावरून ओढली.

सिरीज मी थांबवली. खूप जणांनी नाराजीचे मेसेज केले, तेही बरोबर आहे, अठरा भाग वाचलेत त्यांनी. आता परत पहिल्यापासून लिहितेय. डॉक्टर गेली. आता एक बेइराची मुलगी आहे, ग्रँड हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर जन्मलेली, तिचं लग्न दोनदा मोडलंय. तिला वैद्याकडे नेतात, घरचे चटईवर समोर बसतात, आणि तिच्या तोंडून तो पहिल्यांदा बोलतो. त्यानंतर जे व्हायचं ते होईल, पण आधी त्याला सगळं सांगून होऊ दे आणि तिला नाही म्हणता येऊ दे, एवढं मी ठरवलंय. ती नाही म्हणाली तर गोष्ट पुढे कशी न्यायची हे मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या रविवारी आंटींना हा नवा पहिला भाग वाचून दाखवला. पुन्हा काफ्रियालच होतं. त्यांनी ऐकलं, आणि एकदम मसाल्यावर बोलायला लागल्या, की ही हिरवी काफ्रियाल इथली, बेइराला घरी व्हायची ती अशी नव्हती, नुसतं लिंबू, लसूण, पिरी-पिरी आणि मीठ, आणि कोळशावर. ती करायचा त्यांचा मैनातो. मैनातो म्हणजे कपडे धुणारा, हा शब्द पण आपल्याकडचाच, मलबारातून पोर्तुगीजांनी तिकडे नेलेला. वीस-बावीस वर्षांचा होता, आंटींपेक्षा थोडा लहान. रविवारी कपडे नसायचे म्हणून कोंबडी भाजायला थांबायचा, पंख्यानं निखारे फुलवताना गुणगुणायचा. 1976 ला यांनी घर सोडलं तेव्हा धक्क्यावर पेट्या त्यानंच चढवल्या. सात-आठ वर्षांनी कुणाच्या तरी पत्रात एक ओळ आली, की त्याला गावाकडे जाताना वाटेतून नेलं. कुणी नेलं ते नव्हतं लिहिलेलं. मग काही नाही.

आंटींनी हात धुतले, टॉवेलला पुसले, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, तो जिथे बोलायला लागतो तिथून परत वाच. मी वाचलं. मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा. तिथे गावाच्या नावाची जागा मी रिकामी सोडली होती, नंतर नकाशात बघून घालू म्हणून. आंटींनी एक नाव सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही, तर माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी मोठ्या गोल अक्षरात ते कागदावर लिहिलं, आणि त्याच्या खाली दुसरं, माणसाचं.